सुई कुठे थांबते: बीबीसी रेडिओ फोरचा एक गुरुवार

लीड्सला लेकीकडे आले की माझ्या पिशवीत जुन्या सुती साड्यांचे तुकडे असतातच. नातवासाठी गोधडी शिवायला बसलं की हात गुंततात, डोळेही गुंततात. मोकळे राहतात ते कान. म्हणून सकाळी रेडिओ फोर लावते तो निजेपर्यंत चालू असतो. कार्यक्रम तोलायचं माझं माप एकच आहे. सुई कुठे थांबली?

हे केंद्र बोलण्याचं आहे. पूर्वीच्या 'होम सर्व्हिस'च्या जागी ३० सप्टेंबर १९६७ रोजी ते सुरू झालं. जाहिरात एकही नाही. खर्च टीव्हीच्या परवाना शुल्कातून निघतो, पण नुसता रेडिओ ऐकणाऱ्याला तो परवाना लागत नाही. जाहिराती नसल्या की काय होतं ते नाटक ऐकताना कळतं: कोणी गप्प झालं, तर ती शांतता शेवटपर्यंत शांतताच राहते.

सकाळच्या राजकीय मुलाखती मी अर्ध्या कानाने ऐकते. टाके सरळ पडत राहतात.

मात्र गुरुवारी सकाळचं 'इन अवर टाइम' मी चुकवत नाही. १९९८पासून त्याची रीत तीच आहे: एक विषय, त्यातले तीन जाणकार आणि त्यांना बोलतं करणारा एक जण. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५पर्यंत ते काम केलं. एका आठवड्यात ग्रीक तत्त्वज्ञान, तर दुसऱ्यात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण. पाहुण्याने एखादी अवघड संज्ञा टाकली की 'म्हणजे नेमकं काय?' असं तिथेच विचारलं जातं, आणि अभ्यासकही न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे मी. समोरच्याला समजेल यावर विश्वास ठेवून केलेलं हे बोलणं ऐकलं की मला फार बरं वाटतं.

पण सुई खरी थांबते ती दुपारी सव्वादोनला, नाटकाच्या वेळी. पंचेचाळीस मिनिटं. पात्रं बोलायची थांबतात, दार लागतं, कोणीतरी जिना उतरतं. पावलं आधी लाकडावर, मग दगडावर. तेवढ्यावरून घर जुनं आहे आणि खाली तळघर आहे हे मला दिसतं. नाटकांच्या स्टुडिओत यासाठी एकाच जिन्याला लाकूड, दगड, गालिचा अशा वेगवेगळ्या पायऱ्या केलेल्या असतात. उघड्या माळावरचा प्रसंग असेल तर आवाज अजिबात न घुमणाऱ्या खोलीत ध्वनिमुद्रण करतात, कारण माळावर आवाज परत येत नाही. हे कळल्यापासून मी शब्दांइतकीच पात्रांभोवतीची हवाही ऐकते. नट माइकच्या अगदी जवळ आला, की तो मनातलं बोलतोय हे कोणी सांगावं लागत नाही.

लहानपणी आमच्याकडे आकाशवाणीवर नभोनाट्य लागलं की आई कंदिलाची वात बारीक करायची. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. बीबीसीने १९२४मध्ये मुद्दाम रेडिओसाठी लिहवून घेतलेलं पहिलं नाटक कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर घडतं. पात्रांनाही काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. आईला हे कुठून ठाऊक असणार, पण तिने घरात तोच काळोख केला होता.

पंचेचाळीस मिनिटं काही गोष्टींना अपुरी पडतात, असं मात्र मला वाटतं. तीन पिढ्यांची कथा एवढ्या वेळात कोंबली की माणसं नुसती माहिती सांगत सुटतात. दोन माणसं, एक खोली आणि एक लपवलेली गोष्ट असलेली नाटकं इथे सर्वांत चांगली उतरतात.

संध्याकाळी सातला 'द आर्चर्स'. १ जानेवारी १९५१पासून देशभर ऐकू येणारी ही मालिका युद्धानंतर शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोहोचावी म्हणून रचली होती. अँब्रिज हे काल्पनिक गाव, गाई, जमिनीची वाटणी, शेजाऱ्यांचे रुसवे. हिची चाल टाक्यांच्या चालीशी जुळते, म्हणून सुई थांबत नाही आणि ऐकणंही सुटत नाही. त्यानंतर 'फ्रंट रो'मध्ये चित्रं, पुस्तकं, नाटकं यांवर चर्चा. चित्र रेडिओवर कसं दाखवणार? चांगला समीक्षक आधी रंग कुठे दाट आहे, माणूस कुठे पाहतोय ते सांगतो आणि आपलं मत मागाहून देतो. असा कोणी असला की मी दोरा तोंडात धरून नुसती बसून राहते.

मध्यरात्र उलटली की १२ वाजून ४८ मिनिटांनी सागरी हवामान. एकूण एकतीस सागरी विभाग, वाऱ्याची दिशा, जोर, पाऊस, दृश्यता. मजकूर अगदी मोजका, आणि निवेदिका एकही शब्द घाईने उच्चारत नाही. डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी विभागांची नावं एकामागून एक येतात. माझा त्या समुद्राशी काही संबंध नाही, तरी कोणीतरी बोटीवर जागं राहून हे लिहून घेत असेल म्हणून मीही हंबर, थेम्स, डोव्हरपर्यंत थांबते. मग गाठ मारते आणि दोरा तोडते.