डिस्चार्ज अपग्रेडवाली पेड सर्व्हिस आणि काऊंटीचं फुकट ऑफिस, दोन्हीचा रिव्ह्यू

अमेरिकन सैन्यातून मिळालेल्या डिस्चार्जचा दर्जा वाढवून देतो म्हणणाऱ्या या कंपनीचं नाव लिहीत नाहीये, अशा बऱ्याच आहेत आणि मला कोणाशी कोर्टात भांडायचं नाही. आरई कोड (बाहेर पडलेल्याला परत सैन्यात घेता येईल का ते सांगणारा कोड) म्हणून सर्च केलं की वर जाहिराती येतात बघा, मागे झेंडा, पुढे सॅल्यूट मारणारा सोल्जर आणि खाली "परत युनिफॉर्ममध्ये जा", त्यातलीच एक. माझ्या बहिणीच्या मुलाने तिथे चार आकडी डॉलर भरले, ताईने मला फॉर्म बघायला बोलावलं, त्यामुळे ही सर्व्हिस आतून बघायला मिळाली.

आधी थोडं बॅकग्राऊंड. मुलगा इथेच न्यू जर्सीत वाढलेला, हायस्कूलनंतर आर्मीत गेला. (आमच्याकडे सगळे कॉम्प्युटर नाहीतर फार्मसीवाले, मंडळाच्या गणपतीत "आर्मीत का?" याचं उत्तर देता देता ताईच्या नाकी नऊ आले होते.) पहिल्याच टर्ममध्ये पिणं वाढलं, ट्रीटमेंट प्रोग्रॅममध्ये घातलं, ग्रुप सेशन्स बुडवली, परत एकदा पिऊन राडा झाला आणि चॅप्टर ९ खाली बाहेर काढलं. चॅप्टर ९ म्हणजे आर्मीच्या ६३५-२०० रेग्युलेशनमधला भाग, दारू नाहीतर ड्रग्जच्या रिहॅबमध्ये फेल गेलेल्यांसाठी. डिस्चार्ज मिळाला "जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स", म्हणजे ऑनरेबलच्या एक पायरी खाली. पुण्याला फोनवर ताई अजून सांगते की त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. असो. आता दारू बंद आहे, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो, वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे आणि डोक्यात एकच खूळ, परत आर्मीत जायचं.

आता सर्व्हिस. पैसे भरेपर्यंत फोनवर माणूस इतका गोड की विचारू नका, साहेब सर काय, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" काय, आणि कार्ड चार्ज झाल्यावर सगळा कारभार पोर्टलवर. पोर्टलवर डीडी-२१४ अपलोड करायला सांगितलं, याने केलं. हा म्हणजे डिस्चार्जचा मुख्य कागद, पुढे आयुष्यभर सगळीकडे हाच मागतात. याने जी कॉपी टाकली ती होती मेंबर-१, छोटी कॉपी. तिच्यात खालचे रकाने नसतातच, २३ ते ३० गायब. आणि सगळा खेळ त्याच रकान्यांत असतो! २४ मध्ये डिस्चार्ज कसला, २६ मध्ये सेपरेशनचा, म्हणजे सैन्यातून बाहेर काढल्याचा, कोड, २७ मध्ये रीएंट्री कोड, २८ मध्ये कारण. मेंबर-४ म्हणजे लांब कॉपी, ती हातात आल्याशिवाय या केसबद्दल एक अक्षर बोलता येत नाही. कंपनीने ती मागितलीच नाही. तरी "केस रिव्ह्यू कम्प्लीट, स्ट्राँग कँडिडेट" असा हिरवा टिकमार्क आला. कशाचा रिव्ह्यू केला देव जाणे.

लांब कॉपी शेवटी आम्हीच मागवली, सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून, ऑनलाइन रिक्वेस्ट, एक पैसा पडत नाही. कंपनी याच कामाला "रेकॉर्ड रिट्रीव्हल फी" लावत होती. कागद आला तर २६ मध्ये जेपीडी, २७ मध्ये ४, २८ मध्ये अल्कोहोल रिहॅबिलिटेशन फेल्युअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर्मीत आरई-१ म्हणजे दार उघडं, आरई-३ म्हणजे दार लोटलेलं, रिक्रूटरमार्फत वेव्हर, म्हणजे खास सूट, लागतो, तो मिळेलच असं नाही, आणि आरई-४ म्हणजे कुलूप. ४ ला वेव्हरच नाही. तो कोड आहे तसा असताना जगातला कुठलाही रिक्रूटर काही करू शकत नाही आणि कंपनीच्या पॅकेजमध्ये तर "रिक्रूटर कोऑर्डिनेशन" नावाची वेगळी ओळ होती, तिचे वेगळे पैसे!

त्यांनी लिहून दिलेलं स्टेटमेंट मी वाचलं. आर्मीने माझ्यावर अन्याय केला, मला संधीच दिली नाही, मी तरुण होतो वगैरे वगैरे, दोन पानं. अहो पण संधी दिली होती ना, प्रोग्रॅममध्ये घातलं होतं, सेशन्स यानेच बुडवली, काऊन्सेलिंगच्या फॉर्मवर याच्याच सह्या आहेत. अर्ज तपासणाऱ्या आर्मीच्या बोर्डावर बसलेली माणसं ती फाइल समोर ठेवून हे स्टेटमेंट वाचणार, काय वाटेल त्यांना? पोरगा स्वतःच म्हणाला, "मावशी, हे मी नाहीये". नाव आणि युनिट सोडलं तर ते पत्र कोणालाही चिकटवता आलं असतं.

आणि गॅरंटी. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात गॅरंटी, खाली बारीक अक्षरात ती कशाची, तर अर्ज "सबमिट" होण्याची. म्हणजे पोस्टात टाकायची गॅरंटी. अर्जाचे फॉर्म कोणालाही फुकट मिळतात. डीडी-२९३ जातो डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे, डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आत. डीडी-१४९ जातो रेकॉर्ड करेक्शनच्या बोर्डाकडे, त्याला चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. नुसता आरई कोड बदलून हवा असेल तर साधारण १४९ चा रस्ता. कंपनीने २९३ भरून ठेवला होता आणि वर लिहिलं होतं "चेंज आरई-४ टू आरई-१", बाकी काही नाही. रिफंड मागितला तर म्हणे काम सुरू झालंय. अर्धे आले, तेही ताईने फोनवर मराठीत आवाज चढवल्यावर (समोरच्याला शब्द कळले नसतील, सूर कळला).

मग काऊंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसमध्ये गेलो. लायब्ररीच्या मागे, एक खोली, दोन खुर्च्या, प्रिंटर कुरकुरतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो आणि फोन कोणी उचलत नाही, हे खरं. पण आतले काका स्वतः माजी सैनिक. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "प्रोग्रॅममध्ये तुला पाठवलं की तू स्वतः गेलास?"

स्वतः गेला होता. सुरुवातीला, राडा व्हायच्या आधी, कोणी न सांगता. हे त्याने आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं, त्याला वाटायचं त्याचा काय संबंध. संबंध आहे! आर्मीत लिमिटेड यूज पॉलिसी म्हणून प्रकार आहे, माणूस आपणहून मदत मागायला गेला तर त्यातून निघालेली माहिती डिस्चार्ज खराब करायला वापरता येत नाही, आणि आर्मीनेच ती माहिती सेपरेशनच्या फाइलमध्ये घातली असेल तर डिस्चार्ज ऑनरेबलच द्यावा लागतो. म्हणून काकांनी सांगितलं की आधी पूर्ण सेपरेशन पॅकेट मागवा, कमांडरचं नोटिफिकेशनचं पत्र बघा, त्यात काय काय जोडलंय ते बघा, मग अर्जात काय लिहायचं ते ठरवू. पैसे घेणाऱ्यांनी हा एक प्रश्न विचारला असता तर मी आज हा रिव्ह्यू पाच स्टारचा लिहीत असते.

पॅकेट आलं आणि त्यात सेल्फ-रेफरलचा कागद जोडलेला निघाला. म्हणजे आता "माझ्यावर अन्याय झाला" असं रडायची गरज नाही, नेमकी चूक दाखवता येते. जनरलचा ऑनरेबल झाला तर जीआय बिल, म्हणजे कॉलेजची फी, तिचा रस्ता उघडतो, जनरलवर ते मिळत नाही. ताईला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे आणि खरं सांगायचं तर मलाही.

पण काकांनी गोड बोलून फसवलं नाही, यासाठी मी त्यांना जास्त मार्क देते. तोंडावर सांगितलं, डिस्चार्ज ऑनरेबल होणं वेगळं आणि आरई-४ हलणं वेगळं. रिहॅबमध्ये फेल झालास हे कारण खरंच असेल तर कोडही बरोबरच ठरतो. बोर्ड कारण बदलायला तयार झालं तर कोड ३ वर यायची आशा, आणि त्यासाठी दारू सुटल्याचे पुरावे, नोकरीची पत्रं, मीटिंगमधल्या स्पॉन्सरचं, म्हणजे दारू सोडायला साथ देणाऱ्याचं, पत्र सगळं लावायचं, कारण २०१८ च्या पेंटागॉनच्या मेमोनंतर माणूस नंतर कसा वागला याकडेही बोर्डाने बघायचं असतं. आणि समजा ३ झाला तरी पुढे एमईपीएसचं, म्हणजे भरतीच्या तपासणी केंद्राचं, मेडिकल, तिथे अल्कोहोलची हिस्ट्री स्वतःच एक अडथळा, त्याचा वेव्हर वेगळा. पोरगा ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "ठीक आहे, दोन्ही फॉर्म भरू."

अजून एक, तुम्हाला कोणी सांगेल की सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप अपग्रेड होतो. होत नाही. अर्ज केल्याशिवाय काहीही होत नाही, ही थाप म्हणे कित्येक वर्षं फिरतेय.

तर पेड सर्व्हिसला १ स्टार, तोही पोर्टल नीट चालत होतं म्हणून. खरा वकील, जो फाइल वाचतो आणि सुनावणीला उभा राहतो, त्याचे पैसे वेगळे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काऊंटी ऑफिसला ४, एक कापला फोनसाठी. तिथे जमत नसेल तर अमेरिकन लीजन नाहीतर डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांच्या माणसांना विचारा, तेही फुकट मदत करतात. अर्ज गेलाय, निकाल यायचाय, करेक्शनच्या बोर्डाला कायद्याने १८ महिन्यांची मुदत आहे त्यामुळे घाई नाही. जाताना लांब कॉपी घेऊन जा, आणि अपॉइंटमेंट सकाळची मागा, दुपारनंतर तो प्रिंटर बंद पडतो.