घड्याळाला वॉटर-रिपेलंट कोटिंग: सात महिन्यांनंतर

मध्यंतरी भांडी घासता घासता वेळ बघितली, तर डायलवर सहाच्या आकड्याशी धुकं. बाहेरून पुसलं, जाईना. आतून होतं. सात महिने ज्या पाणी झटकणाऱ्या कोटिंगचं मी येता-जाता कौतुक केलं, त्याचं हे फळ.

घड्याळ जुनं, चावीचं, मागे ३ एटीएम (पाण्याचा दाब सोसायची क्षमता) कोरलेलं. सर्व्हिसिंगला दिलं तेव्हाच दुरुस्त करणारे काका म्हणाले होते, "गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी आतली कडी, बदलून घ्या, प्रेशर टेस्ट करून देतो." मी हिशेब केला. त्या खर्चाच्या मानाने कोटिंगची बाटली अगदीच स्वस्त होती. घेतली. स्पिरिटने पुसून दोन हात दिले, दिवसभर पाण्यापासून लांब ठेवलं.

पहिले दोन महिने मी मुद्दाम नळाखाली मनगट धरायचे. काचेवर थेंब मोत्यासारखा गोल व्हायचा आणि मनगट जरा कललं की ओघळ न सोडता पळायचा. दिसेल त्याला दाखवलं.

तिसऱ्या महिन्यात चावीकडे लक्ष गेलं. काचेवर थेंब अजून गोल, पण चावीच्या कडेला पाणी पसरून चिकटायला लागलं होतं. रोज सकाळी चावी द्यायची म्हणजे बोटांनी तीच जागा घासायची. म्हणजे पाणी आत शिरायची मुख्य वाट, आणि कोटिंग सगळ्यात आधी उडालं ते तिथलंच! काचेतून पाणी कधी शिरतं का? पण कोटिंग टिकलं काचेवर. यावर माझा राग अजून शांत झालेला नाही.

विकणाऱ्यांना तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं: "आम्ही वॉटरप्रूफ म्हटलेलं नाही, वॉटर-रिपेलंट म्हटलंय." खोका काढून बघितला. खरंच तसंच छापलंय.

इथे 'शुद्ध फसवणूक' असं लिहून मोकळी होणार होते. मग कागदावर गणित मांडलं. चावीच्या कडेची फट १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोटिंगवर थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन ११० अंश धरला, तर पृष्ठताणाच्या जोरावर ती फट साधारण अर्धा मीटर पाण्याचा दाब अडवते. पाऊस, हात धुणं एवढ्याला ते पुरावं. मात्र साबणाने पृष्ठताण उतरतो आणि पाणी कोटिंगलाही ओलं करायला लागतं. मी तर रोज साबणात हात घालून बसलेली. शिवाय गरम पाण्याची वाफ म्हणजे सुटे रेणू, थेंबच नाही, तिला कोटिंगचा अडसर कसला? त्यामुळे 'फसवणूक' हा शब्द मागे घेते. खोक्यावर बुडबुड्यांत पोहणारं घड्याळ छापलंय, ते मात्र मागे घेत नाही.

काकांनी मागचं झाकण उघडलं. गॅस्केट चपटं होऊन दोऱ्यासारखं कडक झालेलं, चिमट्याने उचलताच तुटलं. कोटिंगचं सांगितल्यावर हसले. घड्याळजी असले थर यंत्राच्या आत कधीपासून वापरतात म्हणे, पण तेल जागच्या जागी राहावं म्हणून. त्याला एपिलाम म्हणतात.

झाकणाचं आणि चावीचं, दोन्ही गॅस्केट बदलली, सिलिकॉन ग्रीस लावलं. मग माझ्यासमोर घड्याळ ४०-४५ अंशांवर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. आत धुकं नाही. प्रेशर टेस्टही पास. महिना होत आला, डायल कोरडी आहे. भांडी घासताना मात्र आता घड्याळ काढून ठेवते.

काचेवरचं कोटिंग अजून शाबूत आहे, बोटांचे डाग एका फडक्यात निघतात, तेवढं मान्य. बाटली निम्मी उरलीय, टाकवत नाही. बाथरूमच्या आरशाला लावून बघितलं, तर वाफेचे बारीक थेंब बसून आरसा आणखीच आंधळा झाला. उरलेलं गाडीच्या आरशांना लावतेय, तिथे पावसात मागचं नीट दिसतं.