दोन लाख मंजूर, फक्त २,३६० भरा

३८,६६० रुपये. तीन वेळा मिळून, माझ्याच बोटांनी, माझाच पिन टाकून, फोनवरच्या भामट्याला दिले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत फिरत फिरत तो आता ‘लाखभर’ झालाय. तेवढा मूर्ख तरी मला समजू नका.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अपघात फेब्रुवारीतला. पहाटे सायकलवरून दूध आणायला निघाले, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ सर्व्हिस रोडला मागून पिकअपने उडवलं. द्राक्षांचा सीझन, गाडीत क्रेट रचलेले होते, एवढंच टपरीवाल्याला दिसलं. नंबर कुणीच बघितला नाही. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, बिल १,४२,००० झालं. ठाण्यात गुन्हा नोंदवायला सहा दिवस लागले. नोंदवला तोही असा की अण्णांचं वय ६५ च्या जागी ५६ टाइप झालं. दुरुस्तीसाठी दोन चकरा मारल्या. ठाणे अंमलदार म्हणाले, “वयाने काय फरक पडतो? आधी गाडी सापडू द्या.”

हे ५६ लक्षात ठेवा.

अकरा दिवसांनी दुपारी फोन आला. मी अंबडला कंपनीत, लाइनवर. “नमस्कार साहेब, रस्ते अपघात मदत कक्षातून बोलतोय. वडिलांची तब्येत कशी आहे आता?” खरं सांगतो, तोवर एकाही सरकारी माणसाने अण्णांची तब्येत विचारली नव्हती. मग त्याने गुन्हा रजिस्टर नंबर सांगितला, तारीख सांगितली, जागा सांगितली, कलमं सांगितली. आणि म्हणाला, “जखमीचं वय ५६, बरोबर?”

इथेच! इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. आधार कार्डावर ६५, हॉस्पिटलच्या फाइलवर ६५, मतदार यादीत ६५. ५६ हा आकडा सगळ्या जगात एकाच कागदावर होता. मी काय केलं? मी त्याला दुरुस्त केलं. “नाही हो, ६५.” तो म्हणाला, “काळजी करू नका, करून घेतो.” ठाण्यात दोन चकरांत न झालेलं काम या माणसाने अर्ध्या मिनिटात केलं, म्हणून मी खूश झालो. माझा समज असा, की एफआयआर याच्यासमोर आहे म्हणजे हा सरकारीच. प्रत्यक्षात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलाय, की संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचे. हेतू चांगलाच आहे. पण माझ्या घरचा कागद जगातला कुणीही घरबसल्या वाचू शकतो, हे मला कुणी सांगितलं होतं? आमच्या एफआयआरमध्ये तर माझा मोबाइल नंबरही होता. गुन्हा नंबर सांगितला म्हणून कुणावर विश्वास ठेवू नका.

पुढचं नेहमीचंच. “दोन लाख मंजूर झालेत, फाइल फी २,३६० भरा.” दोन हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जखमीला मदत देताना सरकार जीएसटी कशाला लावेल? पण पावती आली, तीन सिंह, जावक क्रमांक, गोल शिक्का. दुसऱ्या दिवशी ‘आगाऊ कर’ म्हणून ११,८००. चौथ्या दिवशी ‘ट्रेझरीची एनओसी’ म्हणून २४,५००, आणि तेही “मार्चएंडिंग चालू आहे, आज पाचच्या आत नाही भरले तर निधी परत जाईल” म्हणून. मार्चएंडिंगला सरकारी पैसा परत जातो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून ते खरं वाटलं. स्क्रीनवर खातेदार म्हणून एका बाईचं नाव आलं तेव्हा विचारलं मी, अगदीच आंधळा नव्हतो. “आमच्या कॅशियर मॅडम.” झालं समाधान. सरकारी पैसा खासगी नावाच्या यूपीआयवर कधीच भरायचा नसतो, हे आता मी सगळ्यांना सांगत फिरतो.

जास्त जळजळ कशाची होते सांगू? योजना खरी आहे! अज्ञात वाहनाने उडवलेल्यांसाठी केंद्राची भरपाई योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २,००,०००. म्हणजे तो मला माणूस गेल्याचे पैसे देत होता, आणि अण्णा पलीकडच्या खोलीत ‘चहात साखर कमी आहे’ म्हणून आईवर ओरडत होते. अर्ज तहसील किंवा प्रांताकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, पैसे थेट खात्यात. फी शून्य. योजना असते हे मला पहिल्यांदा चोराने सांगितलं. ठाण्याने नाही, हॉस्पिटलने नाही.

पैसे गेल्याचं कळल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण शेवटच्या पेमेंटनंतर तीन दिवसांनी. पहिला दीड दिवस बायकोला सांगायची हिंमत जमवण्यात गेला. असं करू नका. आधी १९३०, मग बायको. त्या तीन दिवसांत बहुतेक रक्कम एटीएममधून निघाली होती, ९,२०० तेवढे पुढच्या खात्यात अडकले. ते माझेच आहेत हे सगळे मान्य करतात, पण बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा. आणि बाकीचे? “पिन तुम्हीच टाकलात ना साहेब?” हो, मीच टाकला. काउंटरवरच्या पोरीने हे इतक्या मोठ्याने विचारलं, की रांगेतल्या आजोबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

ठाण्यात गेलो तर “अर्ज देऊन जा, चौकशी करू.” तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून “रक्कम किरकोळ आहे, तुमच्याच ठाण्यात जा” म्हणून परत. ३८,६६० किरकोळ! माझा दीड महिन्याचा ओव्हरटाइमसकट पगार आहे तो. एक हवालदार तर म्हणाले, “अहो, शिकलेले दिसता, पेपर वाचत नाही का?” वाचतो. पेपरात डिजिटल अरेस्टबद्दल असतं, लॉटरीबद्दल असतं. अपघात झालेल्याच्या घरी फोन करतात हे कुठे असतं? आणि पहिल्या गुन्ह्याचं काय झालं विचारलं तर उत्तर, “आरोपीच नाही, तर भरपाई देणार कोण?”

हे वाक्य ऐकून गप्प घरी येऊ नका, मी आलो होतो. पुढे बायकोच्या मावसभावाने सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात नेलं, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथल्या वकीलबाईंनी वीस मिनिटांत जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशी हवं होतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी संपवायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि मी ठाण्याबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला २०० दिले होते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत स्वतःहून कळवायचं असतं. आम्हाला अजून कुणी कळवलेलं नाही. गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लिहून पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवायची, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवा. माझ्या अर्जावर गुन्हा नोंदला गेला तो ही पावती दाखवल्यावरच. बाईमाणूस तक्रारदार असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर, म्हणजे विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करून विचारा, पण नंबर स्वतः लावा. तिकडून स्वतःहून आलेल्या फोनवर तुमचा खरा हक्क जरी कुणी सांगितला, तरी फोन ठेवा आणि मग चौकशी करा.

खऱ्या योजनेचा अर्ज भरला गेल्या आठवड्यात. हॉस्पिटलची बिलं, जखमेचं प्रमाणपत्र, पासबुक, आधार, सगळं क्रमाने पंच करून दिलं. काउंटरवरच्या बाईंनी पेन्सिलने एक गोल केला आणि गठ्ठा परत सरकवला. आधारवर ६५, एफआयआरमध्ये ५६. “ठाण्यातून पुरवणी जबाब घेऊन या.”

परवा आणखी एक फोन आला. तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फी १,१८० फक्त. मी म्हटलं, आधी वडिलांचं वय सांगा.

“५६, सर.”

फोन कट केला. सोमवारी पुन्हा ठाण्यात जायचंय.