ग्रीसचं घुबड की इटलीचा माणूस?

१ युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. ग्रीसने तिथे घुबड बसवलं. आपल्याकडे अशुभ मानला जाणारा हा पक्षी अथेन्समध्ये अथेना देवीचा, शहाणपणाचा. इ.स.पू. ५व्या शतकातल्या अथेन्सच्या चार द्राख्माच्या नाण्यावरून तो जसाच्या तसा घेतलाय. म्हणजे नाण्यावर नाणंच! अडीच हजार वर्षांपूर्वीचा पैसा आजच्या पैशात डोकावतो, हे मला विलक्षण वाटतं.

इटलीच्या नाण्यावर लिओनार्दो दा विंचीचा हात-पाय पसरलेला विट्रुव्हियन माणूस, म्हणजे मानवी शरीराची आदर्श प्रमाणं दाखवणारं त्याचं रेखाचित्र आहे. मूळ रेखाचित्र व्हेनिसमध्ये आहे. इटलीच्या इतर नाण्यांची चित्रं लोकांच्या मतांवर ठरली, हे मात्र तेव्हाचे अर्थमंत्री कार्लो अझेल्यो चांपी यांनी निवडलं. भावना अशी की पैसा माणसासाठी असावा, माणूस पैशासाठी नव्हे. शिवाय मूळ चित्रातच वर्तुळ असल्यामुळे ते गोल नाण्यावर ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

कल्पनेत इटली सरस. पण इतक्या लहान चकतीवर त्या माणसाच्या बारीक रेषा पुसट होतात, घुबडाचे वाटोळे डोळे लगेच ओळखू येतात. मी घुबडच निवडेन.