मेहुण्याच्या कंपनीचे कोटेशन

एसएमई मंचावरून, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या वेगळ्या विभागातून, भागविक्री करणाऱ्या लहान कंपन्यांत पैसे घालू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. २०२३ साली यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या अशाच एका कंपनीच्या आयपीओसाठी, म्हणजे पहिल्या जाहीर भागविक्रीसाठी, मी अर्ज केला. भाव ९६ रुपये आणि लॉट (एकत्रच घ्यावा लागणारा गठ्ठा) १,२०० समभागांचा, म्हणजे १,१५,२०० रुपये. त्याआधीच्या चार चांगल्या इश्यूंमध्ये माझ्या वाट्याला एकही समभाग आला नव्हता. येथे पहिल्याच फटक्यात आला, म्हणून घरी पेढे आणले. जाणकार जेथे रांग लावत नाहीत तेथेच माझ्यासारख्याची सहज वर्णी लागते, हे तेव्हा सुचले नाही. बाजारात नोंदणी झाल्यावर भाव १०४ झाला आणि मी आणखी एक लॉट घेतला.

जमा होणाऱ्या पैशांतून नवी यंत्रे घेणार असल्याचे माहितीपत्रकात लिहिले होते व पुरवठादाराचे कोटेशनही रकमेसह दिले होते. मी रक्कम पाहिली, पुरवठादार पाहिला नाही. वर्ष उलटले तरी यंत्रे आली नाहीत. सहामाही निकालांत ‘यंत्रांसाठी दिलेली आगाऊ रक्कम’ तेवढी फुगत गेली आणि लेखापरीक्षकांनी मुदतीआधीच राजीनामा दिला. तेव्हा कुठे मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून त्या पुरवठादाराची कागदपत्रे काढली. ती कंपनी आयपीओच्या अवघ्या सात महिने आधी स्थापन झालेली होती, तिचा पत्ता एका राहत्या सदनिकेचा होता, आणि तिचा संचालक आयपीओ आणणाऱ्या कंपनीच्या प्रवर्तकाचा, म्हणजे ती उभी करणाऱ्या मालकाचा, सख्खा मेहुणा निघाला.

मग माहितीपत्रक पुन्हा उघडले. नफा तीन वर्षे चढता होता, पण धंद्यातून हाती येणारी रोख तिन्ही वर्षे उणे होती. म्हणजे विक्री कागदावर आणि पैसे येणे बाकी. भांडवल रचनेच्या तक्त्यात, आयपीओच्या अकरा महिने आधी काही निवडक मंडळींना २४ रुपयांनी समभाग दिल्याची नोंद होती. त्यांच्यावरील एक वर्षाची विक्रीबंदी उठली त्याच आठवड्यात भावाला खालचे सर्किट, म्हणजे दिवसातील घसरणीची कमाल मर्यादा, लागू लागले. यातले बरेचसे छापलेले होते, याचेच अधिक वाईट वाटते.

मायर्स आणि मजलूफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडले, की आपला समभाग स्वस्तात जातो आहे हे ज्या व्यवस्थापनाला ठाऊक असते ते तो विकायला कचरते, आणि म्हणून नव्या भागविक्रीकडे बाजार संशयानेच पाहतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याप्रमाणे या संशयाची किंमत प्रामाणिक कंपन्यांनाही मोजावी लागते. त्या आधी स्वतःची शिल्लक वापरतात, मग कर्ज काढतात आणि भागविक्री शेवटी करतात. फसवणूक उघड झाली की नियम वाढतातही. ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदातील ५,०४० कोटींची रोख अस्तित्वातच नसल्याची कबुली ७ जानेवारी २००९ रोजी आली, त्यानंतर त्याच महिन्यात बाजार नियामक सेबीने प्रवर्तकांनी तारण ठेवलेले समभाग जाहीर करणे सक्तीचे केले. मेहुण्याचे नाते मात्र तशा कोणत्याही रकान्यात मला दिसले नव्हते.

सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार निवारण संकेतस्थळावर मी कोटेशन आणि मंत्रालयाची कागदपत्रे जोडून तक्रार केली आहे. एक लॉट १९ रुपयांनी विकून २२,८०० रुपये सुटले. दुसरा डीमॅट खात्यात पडून आहे. रोज सकाळी विक्रीची ऑर्डर लावतो, पण समोर खरेदीदारच नसतो.