तो हप्ता फीचा नव्हता, कर्जाचा होता

अर्थशास्त्रात एम.ए.चा निकाल लागला, घरी पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात मला धास्ती वाटायला लागली. नोकरीची कुठलीही जाहिरात उघडली की त्यात एसक्यूएल, पॉवर बीआय, पायथन ही आकडेवारी हाताळायची साधनं. मला एक्सेलमध्ये बेरीज आणि सरासरीपलीकडे फारसं काही येत नव्हतं. पदवी संपली तरी शिकणं थांबवायचं नाही, वर्षभरात डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचं, असं ठरवून मी वहीत महिन्यांप्रमाणे बेत लिहिला होता. तो बेत चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. घोळ झाला तो पैशांच्या व्यवहारात.

आम्ही कळव्याला राहतो. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडायची आणि वाशीला उतरून चालत पाच मिनिटांवर मी जिथे डेटा अ‍ॅनालिसिसच्या कोर्सला प्रवेश घेतला ती संस्था. नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगात आहे. आत काचेच्या केबिन, भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलामुलींचे फोटो आणि चौकटीत लावलेली दोन प्रमाणपत्रं. एक आयएसओचं, दुसरं उद्यम नोंदणीचं. समुपदेशक मुलीने त्यांच्याकडे बोट दाखवून "आमचा कोर्स सरकारमान्य आहे" असं सांगितलं आणि मी मान डोलावली. उद्यम नोंदणी कुठल्याही छोट्या व्यवसायाला स्वतःच माहिती भरून फुकट करता येते. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी तिचा काही संबंध नाही. आयएसओचाही नाही. हे मला घरी येऊन दहा मिनिटांत शोधता आलं असतं.

फी ७८,००० रुपये. माझा चेहरा पाहून ती लगेच म्हणाली, "मॅम, एकदम भरायची नाही. आज ६,००० भरून सीट बुक करा, बाकीचे महिन्याला ६,०००, व्याज शून्य. मध्येच नाही जमलं तर सांगा, आपण थांबवू." मग घरी कोण कमावतं, बाबा कुठे असतात, पगार बँकेत जमा होतो का, अशी आपुलकीने चौकशी केली. तेव्हा ती मला आपुलकीच वाटली. कर्ज कोणाच्या नावावर बसेल याचा ती अंदाज घेत होती.

बाबा रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत. त्यांचं आधार आणि पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं. मग ती टॅबवर काहीतरी भरत राहिली आणि बाबांच्या फोनवर ओटीपी येत राहिले. बाबा मशीनवर होते, तरी चार वेळा त्यांनी फोन उचलला. तिसऱ्यांदा विचारलं, "हा कशाचा आहे गं?" मी म्हटलं, "फीचा आहे बाबा, सांगा लवकर, सीट जाईल." त्यांनी सांगितला. हे वाक्य मी आजवर खूप वेळा आठवलंय.

त्यातला एक ओटीपी कर्जाच्या करारावर ई-सही करण्याचा होता आणि एक दरमहा खात्यातून पैसे वळते करण्याच्या मँडेटचा. दोन्ही मेसेज इंग्रजीत होते. त्यात एका फायनान्स कंपनीचं नाव होतं, 'लोन' हा शब्दही होता. वाचून दाखवा म्हटलं असतं तर बाबांनी वाचून दाखवलं असतं.

'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे हा शून्य व्याजाचा हप्ता, कसा चालतो हे मला नंतर माझ्या मामेभावाने समजावलं, तो बँकेत आहे. फायनान्स कंपनी ७२,००० रुपये कर्ज आपल्या नावावर लिहिते आणि त्यातून स्वतःचं व्याज कापून घेऊन उरलेली सगळी रक्कम सुरुवातीलाच संस्थेला देते. म्हणजे आपण बारा महिने हप्ते फेडत असतो, पण संस्थेचे पैसे तिच्या खिशात कधीच गेलेले असतात. मग तुम्ही शिकलात काय, न शिकलात काय, तिचं काही अडत नाही. "मध्येच थांबवू" हे तिच्या हातात नव्हतंच.

पहिला महिना खरंच छान गेला. शिकवणारे सर मन लावून शिकवायचे आणि एसक्यूएलचे जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, मला त्यांच्यामुळेच कळले. सहाव्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या जागी नवे सर आलेच नाहीत, जुन्या बॅचची रेकॉर्डिंग मिळाली. शंका विचारायचा ग्रुप बंद झाला. ज्या नोकरीची 'हमी' होती तिच्या नावाखाली रोज जॉब पोर्टलच्या लिंक यायच्या, ज्या कोणालाही फुकट दिसतात.

मी प्रवेश रद्द करा म्हणून गेले तर उत्तर मिळालं, "हप्त्यांचं फायनान्स कंपनीशी बोला." कंपनी म्हणाली, "कोर्सचं संस्थेशी बोला." तीन आठवडे मी या दोघांमध्ये फिरत होते.

मग आम्ही रागाच्या भरात चूक केली. खात्यात पैसेच ठेवले नाहीत, की हप्ता परत जाईल आणि कंपनी आपोआप बोलायला येईल. हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला, कंपनीने वेगळा लावला आणि वसुलीचे फोन सुरू झाले. रात्री नऊला, कामावर असताना, आणि माझ्या बाबांशी एकेरीत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही आम्हाला माहीत नव्हतं. थकलेला हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, बाबांच्या नावावर उमटला. धाकट्या भावाच्या डिप्लोमासाठी कर्ज काढायचं होतं, तिथे बँकेने पहिला प्रश्न याचाच विचारला. मान खाली घालून बसलेले बाबा मला विसरता येत नाहीत. म्हणून कळकळीने सांगते, वाद सुरू असला तरी हप्ता परस्पर थांबवू नका. आधी लेखी तक्रार करा.

पोलीस ठाण्यातही गेलो होतो. सही आणि ओटीपी तुमचेच आहेत, हा दिवाणी मामला आहे, असं तिथे सांगितलं. पुढची वाट मामेभावाने दाखवली. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, ३० दिवस वाट पाहिली, समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. दंडाची रक्कम परत मिळाली आणि रात्रीचे फोन थांबले, कर्ज मात्र तसंच राहिलं. संस्थेविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद केली. संस्थेने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. नोकरीच्या खोट्या हमीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तक्रारीत आम्ही त्यांचाही आधार घेतला आहे.

कर्जाच्या कागदांत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं पान असतं. कर्ज कोणाचं, एकूण किती फेडायचं, दंड किती आणि किती दिवसांत दंडाशिवाय माघार घेता येते, ते त्यात लिहिलेलं असतं. आम्हाला ते ईमेलवर आलं होतं. ज्या ईमेलवर आलं तो बाबांचा, आणि बाबा ईमेल उघडत नाहीत. माघार घेण्याची मुदत आम्ही तो ईमेल पाहण्याआधीच उलटून गेली होती.

माझं शिकणं आता परत रुळावर आलंय. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, एसक्यूएलच्या सरावाला लागणारा पोस्टग्रेस डेटाबेस फुकट आहे आणि सरावाला सरकारी आकडेवारी खुली आहे. मी महाराष्ट्राच्या जिल्हावार पावसाच्या आकड्यांवर काम करते. शिकवणारं माणूस समोर हवं असं ज्यांना वाटतं त्यांचं मी चुकीचं म्हणणार नाही, मलाही ते हवंच होतं. पण महिन्याची फी महिन्याला घेणारा क्लास शोधा. आणि कोणी आधार, पॅन मागून टॅबवर भरायला लागलं तर तिथेच विचारा, "हे कर्ज आहे का? कोणाच्या नावावर?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

तुम्ही अशा एखाद्या कोर्समध्ये आत्ता असाल तर आजच त्यांच्या पोर्टलमध्ये जाऊन पावती, वेळापत्रक, झालेल्या आणि न झालेल्या तासांची यादी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, जाहिरातीचाही. मी तक्रारीचा ईमेल पाठवल्याच्या चौथ्या दिवशी माझं लॉगिन बंद झालं. आयोगापुढे आज जे काही आहे, ते त्याच्या आदल्या रात्री भावाने माझ्या मागे लागून काढायला लावलेल्या ४१ स्क्रीनशॉटमधलं आहे.