घरापर्यंतच्या फायबरचा खर्च कोणी उचलावा : तीन पर्यायांचा तुलनात्मक आढावा

राजगड, मुळशी किंवा भोर तालुक्यातल्या ग्रामसभेत एखादी तरुणी उभी राहून विचारते, की पंचायतीच्या कार्यालयात फायबर येऊन इतका काळ लोटला, तरी आमच्या वाडीत इंटरनेट का नाही. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथल्या गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत असा प्रस्ताव येतो, की कंपनी येत नसेल तर सभासदांनीच वर्गणी काढून लाइन आणावी. दोन्ही सभांना ठराव करायचा आहे आणि दोन्हीकडे मूळ प्रश्न पैशाचा आहे. सरकारी निधीची वाट पाहावी, कंपनीवर सोपवावे, की स्वतःच्या खिशात हात घालावा, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा आहे.

आधी खर्चाचे स्वरूप समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक चर्चा इथेच चुकते. घरगुती ब्रॉडबँडच्या खर्चात केबलचा वाटा लहान आणि खोदाईचा मोठा असतो. चर खणणे, त्यासाठी परवानगी मिळवणे, खोदाई शुल्क भरणे, रस्ता पूर्ववत करून देणे आणि सह्याद्रीच्या बाजूला काळ्या पाषाणात ब्रेकर चालवणे, यातच बराचसा पैसा जातो. एकदा पुरलेली डक्ट, म्हणजे केबल ज्यातून ओढतात ती नळी, कित्येक दशके टिकते आणि तिच्यातली केबलही पुष्कळ वर्षे चालते. दोन्ही टोकांची यंत्रे मात्र काही वर्षांतच बदलावी लागतात आणि सेवेचे बिल तर दरमहा येते. इतक्या वेगवेगळ्या आयुष्याच्या या गोष्टी एकाच तिजोरीतून भागवाव्यात, असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

पहिला पर्याय राष्ट्रीय निधीचा. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट होते. पुढे योजनेचे नाव भारतनेट झाले आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पुऱ्या व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम राज्याच्या यंत्रणेमार्फत हाती घेतले. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत निम्म्या घरांना तारेची जोडणी देण्याचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात २०२४ च्या अखेरीस देशभरात तारेच्या ब्रॉडबँडच्या जोडण्या चार कोटींच्या आसपास होत्या, आणि भारतातली घरे पंचवीस कोटींहून बरीच अधिक आहेत.

या दिरंगाईचे एक कारण आराखड्यातच होते. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल एका रेषेत गावोगाव जात असे, त्यामुळे रस्ता रुंदीकरणात एका ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात ही रेष वर्तुळात बदलायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. उभारणीनंतर दहा वर्षांची देखभालही त्याच कंत्राटात आहे. माझ्या मते या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे, कारण आजवर केबल पुरण्याचे पैसे मिळाले, पण ती जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नीट आली नाही.

हा निधी येतो कुठून, हेही ग्रामसभेने जाणून घ्यावे. दूरसंचार कंपन्या समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे ठरावीक वजावटीनंतरच्या महसुलाच्या, ८ टक्के परवाना शुल्क भरतात आणि या आठांपैकी ५ टक्के २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधीसाठी घेतले जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला डिजिटल भारत निधी हे नाव दिले. म्हणजे पानशेतच्या पलीकडे टेकडीवर चढून रेंज शोधणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या प्रत्येक रिचार्जमधून या निधीत भर पडत आली आहे. वाडीत फायबर मागताना तिने कोणाचे उपकार मागितलेले नाहीत.

दुसरा पर्याय कंपनीच्या भांडवलाचा. कोथरूड, औंध, बाणेर इथे तो उत्तम चालला, कारण एका गल्लीत शेकडो ग्राहक मिळतात आणि खर्च लवकर वसूल होतो. कंपनीचे गणित एका किलोमीटरमागे किती घरे मिळतील यावर उभे असते, आणि त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण हे गणित डोंगरात बसत नाही, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने १६ राज्यांत खासगी भागीदारीतून भारतनेट पोहोचवण्यासाठी १९,०४१ कोटी रुपयांची तूट भरून देण्याची तयारी दाखवली, तरी ती निविदा यशस्वी झाली नाही. शहरातही या पर्यायाचे दुखणे आहे. तीन कंपन्या एकच रस्ता तीनदा खोदतात, किंवा खोदाई टाळून खांबावरून आणि झाडांवरून वायरी ओढतात, ज्या वळवाच्या पहिल्या वादळात खाली येतात. सप्टेंबर २०२३ पासून पुण्यात मिळू लागलेली बिनतारी एअरफायबर सेवा ही सोय तात्पुरती म्हणून चांगली आहे, पण तिच्याही मनोऱ्याला भरवशाची फायबर लागतेच.

तिसरा पर्याय स्थानिक पैशाचा, आणि याबाबतीत मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे उपयोगी पडतात. केरळने केफोन हे स्वतःचे जाळे उभारून जून २०२३ मध्ये सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढून शहरभर फायबर पुरली. ती कंपनी ग्राहकाला इंटरनेट विकत नाही, जो सेवादार येईल त्याला फायबर भाड्याने देते. पुण्याच्या वेशीवरच्या गावांसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. भारतनेटचा घटक ग्रामपंचायत आहे, आणि विलीन झालेल्या गावांत ग्रामपंचायतच उरलेली नाही. दुसरीकडे, कंपनीच्या प्राधान्यक्रमात ही गावे मधल्या पेठांच्या आणि उपनगरांच्या मागे असतात. त्यांच्या रस्त्यांचे काँक्रीटीकरण आणि रुंदीकरण अजून व्हायचे आहे. त्याच वेळी महापालिकेने रिकाम्या डक्ट पुरून त्या सर्वांना समान भाड्याने दिल्या, तर पुन्हा खोदण्याची वेळ येणार नाही.

गृहसंस्थेच्या वर्गणीबाबत मात्र मी सावध आहे. सार्वजनिक रस्त्याखालच्या चरासाठी सभासदांचा पैसा घालू नये, कारण त्यावर संस्थेची मालकी राहत नाही आणि उद्याच्या रुंदीकरणात ती केबल तुटली तर दाद कोणाकडे मागायची, हेही ठरलेले नसते. कुंपणाच्या आत मात्र जरूर खर्च करावा. गेटपासून प्रत्येक इमारतीच्या मजल्यांपर्यंत डक्ट आणि बॅटरीचा आधार असलेली एक बंदिस्त जागा, एवढे संस्थेच्या नावावर असले, तर बाहेरून कोणतीही कंपनी आली तरी तिचा खर्च कमी होतो. फुकट लाइन देतो म्हणून एकट्यालाच प्रवेश मागणाऱ्या सेवादाराला नकार द्यावा; आमच्या ओळखीच्या एका संस्थेने असा करार केला आणि तक्रारींना वर्षभर कोणी दाद दिली नाही, तरी दुसऱ्याला आत घेता आले नाही.

ग्रामसभेचा ठराव वेगळा असायला हवा. ‘गावात इंटरनेट द्यावे’ असे मोघम लिहिण्याऐवजी पंचायत कार्यालयापासून कोणकोणत्या वाड्या जोडायच्या, वर्तुळाचे काम आपल्या गटात केव्हा होणार आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे, हे तीन मुद्दे नावानिशी लिहावेत. भारतनेट उद्यमी योजनेत स्थानिक तरुणाला घरोघर जोडणी देऊन महसुलातला निम्मा वाटा मिळू शकतो; गावात केबल टीव्हीचे काम केलेला कोणी असेल तर त्याचे नाव त्याच ठरावात सुचवावे. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा जास्तीत जास्त २०० रुपये परत देण्याची शिफारस केली होती. ती चांगली आहे, पण जिथे लाइनच नाही तिथे बिलातली सवलत कोणाच्या कामाची?

दोन्ही सभांनी दिवस मात्र मोजावेत. पावसाळ्यात पुण्यात रस्तेखोदाई बंद असते आणि घाटाखालच्या रस्त्यांवर तर यंत्रही उभे राहत नाही, तेव्हा ठराव आणि अर्ज दिवाळीच्या आत पोहोचले तरच येत्या उन्हाळ्यात चर खणला जाईल.